माहेरचं आडनाव आणि दफनभूमीची वही

मैत्रिणींनो, या खेपेला लोणच्या-पापडांचे प्रश्न थोडे बाजूला ठेवते. नागपूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. सून तिथलीच, पण तिचं मूळ घराणं आयर्लंडचं. त्या लिहितात, "सून गुणी आहे. फोडणीचं वरण करते, मला आई म्हणते. पण वर्षभर तिचं एक वेड चाललं आहे. सुटी आली की न्यूयॉर्कच्या जुन्या कबरस्तानांत चकरा मारते, नाहीतर घरी बसून दफनाच्या याद्या चाळते. खापरपणजी शोधते आहे म्हणे. आता तिला पाचवा महिना आहे. मुलगी झाली तर त्या खापरपणजीचं नाव ठेवायचं म्हणते, पण 'ब्रिजिट' आणि 'आयर्लंड' या दोन शब्दांपलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. मी तिची ओटी भरायला जाणार आहे, मलाही बरोबर चला म्हणते. अशा दिवसांत कबरस्तानात जाऊ नये असं आमच्याकडे मानतात. मी काय करू? आणि कबरीतून बाईचं नाव कसं सापडणार?"

ताई, आधी तुमच्या काळजीचं बोलू. तिच्या लोकांत दफनभूमी म्हणजे झाडं, हिरवळ आणि फुलं घेऊन जाण्याची जागा. लहान मुलांनाही तिथे नेतात. तुमचं मन मानत नसेल तर तिला तसं सरळ सांगा, पण भीती घालू नका. या दिवसांत जपायचं असतं ते उन्हात फार वेळ उभं राहण्याला आणि उंचसखल जमिनीवर पाय घसरण्याला. पाण्याची बाटली, छत्री आणि चपट्या टाचेचे बूट बरोबर ठेवा, डॉक्टरांना एकदा विचारा, आणि जमलं तर जा. तसंही हे काम तीन हिस्से कागदावरचं आहे आणि एक हिस्सा पायांचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला फार आवडला, कारण तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

आयर्लंडची गोष्ट थोडक्यात अशी. गरिबाचं सारं जेवण बटाट्यावर. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा कुजलं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने गेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८२ लाखांच्या घरात असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, खडी फोडायला गेलेल्या बायकांना हे आकडे समजावून सांगायला नकोत. एकट्या १८४७ साली कॅनडातल्या ग्रोस आयल या बेटावर, जिथे बोटी तपासणीसाठी थांबवीत, तिथे पाच हजारांहून अधिक माणसं पुरली गेली. पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसत असताना!

दुष्काळ सरला तरी माणसं जातच राहिली. आणि इथे आपल्या कामाची गोष्ट येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या, आणि त्यातल्या पुष्कळशा अविवाहित, एकट्या निघालेल्या मुली. अठरा-वीस वर्षांची पोर बोटीत बसायची आणि न्यूयॉर्क किंवा बॉस्टनला कुणाच्या तरी घरी मोलकरीण म्हणून राहायची. पगारातून गावी पैसे धाडायची, त्या पैशांवर पाठची बहीण यायची. निघण्याच्या आदल्या रात्री गावात तिच्यासाठी जागरण होई. माणूस गेल्यावर प्रेताजवळ जसं रात्रभर बसत, अगदी तसंच, कारण मुलगी पुन्हा दिसणार नाही हे आईला ठाऊक असे. त्या जागरणाला ते 'अमेरिकन वेक' म्हणत. आपण सासरी पाठवताना रडतो, पण दिवाळसणाला तरी ती येणार असते.

आता अशा मुलीचा माग काढायचा तर कुठून? तुम्ही म्हणाल, आयर्लंडच्या सरकारी दप्तरातून. तर तिथे मोठं भगदाड आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतीत सरकारी दप्तरखाना होता. १९२२ च्या जून अखेरीस, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, तो स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीची पानं बहुतेक सगळी जळाली. त्यानंतरच्या चार शिरगणत्यांची पानं तर सरकारनेच आधी नष्ट केली होती. म्हणून आयर्लंडची पूर्ण मिळणारी सर्वांत जुनी शिरगणती १९०१ ची. सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली तीही १८६४ पासून. वाचल्या त्या कॅथलिक चर्चच्या वह्या, कारण त्या त्या त्या गावीच ठेवलेल्या होत्या. पण गावच ठाऊक नसेल तर कुठल्या चर्चची वही उघडायची? आयर्लंडचे जिल्हे, म्हणजे काउंट्या, ३२. आणि आपल्या वाड्यांसारख्या ज्या 'टाउनलँड' असतात त्या साठ हजारांहून जास्त! अमेरिकेच्या जुन्या शिरगणतीत जन्मस्थळाच्या रकान्यात नुसतं 'आयर्लंड' लिहून कारकून मोकळा.

म्हणून ही मंडळी दफनभूमीकडे वळतात. तिथला दगड पुष्कळदा कारकुनापेक्षा जास्त बोलतो. परदेशी मेलेल्या माणसाच्या थडग्यावर, अमुक काउंटीतल्या अमुक पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या विभागाचा, असं कोरण्याची आयरिश लोकांत आवड होती. घरापासून तीन हजार मैलांवर पुरलं तरी गाव कपाळावर लिहिलेलं. पण दगडाला पैसे लागतात, आणि घासून-पुसून दुसऱ्याची घरं राखणाऱ्या बाईच्या कबरीवर दगड असेलच असं नाही. दगड नसला तरी वही असते. नाव, वय, मृत्यूची तारीख, राहण्याचा पत्ता, काही ठिकाणी मरणाचं कारण आणि जन्मगाव. शिवाय कबर कुणी विकत घेतली त्याचं नाव आणि त्याच कबरीत आणखी कोण कोण आहे त्यांची यादी. वसईच्या आणि गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना अशा वह्या नवीन नाहीत.

न्यूयॉर्कला क्वीन्स भागात कॅल्व्हरी नावाची दफनभूमी आहे. मॅनहॅटन बेटावर जागा पुरेना म्हणून कॅथलिक लोकांनी नदीपलीकडे ही जमीन घेतली. १८४८ च्या जुलैमध्ये तिथे पहिलं दफन झालं. आजपर्यंत सुमारे तीस लाख माणसं तिथे विसावली आहेत. एकेका कबरीत एकावर एक अशा अनेक पेट्या असतात. जागा महाग, माणसं गरीब. आई, तिचं तान्हं मूल, वीस वर्षांनी नवरा, कधी नवऱ्याची नव्हे तर तिची अविवाहित बहीण. त्या बहिणीचं आडनाव काय असणार? आईचं माहेरचं! आलं ना लक्षात? जी गोष्ट संसाराच्या सगळ्या कागदांतून पुसली गेली ती कबरीतल्या शेजारणीच्या नावातून परत येते.

याचं एक खरं उदाहरण सांगते. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडची नवी कचेरी उघडली आणि तिथे सर्वांत पहिली उतरली ती आयर्लंडच्या कॉर्कची अ‍ॅनी मूर. बरोबर अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. आईबाप आधीच न्यूयॉर्कला आलेले होते. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं, वर्तमानपत्रांत नाव छापून आलं. तिचं वय छापलं पंधरा. प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती. (वय कमी सांगण्याची रीत फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.) पुढे तिचे पुतळेही उभे राहिले, एक एलिस आयलंडवर आणि एक आयर्लंडच्या कोव्ह बंदरात.

पण ही पोर पुढे गेली कुठे? कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते की ती टेक्सासला गेली, तिथे लग्न झालं आणि १९२३ मध्ये गाडीच्या धडकेने वारली. त्या टेक्सासच्या कुटुंबाला मानानं बोलावणीही होत. मेगन स्मोलेन्याक या वंशावळी शोधणाऱ्या बाईंनी कागद नीट पाहिले, तर टेक्सासची अ‍ॅनी मूर जन्मली होती अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात! नाव तेच, बाई वेगळी. मग खरी कुठे? बाईंनी शोधणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, आणि न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याच्या प्रमुखांनी धागा पुढे नेला. कशावरून, माहीत आहे? धाकट्या भावाच्या, फिलिपच्या, नागरिकत्वाच्या दाखल्यावरून. भावाचं आडनाव बदललेलं नव्हतं ना! भावाच्या घरावरून त्याची मुलगी सापडली, तिच्यावरून पुढची पिढी, आणि शेवटी २००६ साली अ‍ॅनी सापडली.

ती कुठेच गेलेली नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतच तिने सारा जन्म काढला. लग्न झालं एका जर्मन घरातल्या मुलाशी, शायर आडनावाच्या. तो मासळीबाजारात काम करी. तिला किमान अकरा मुलं झाली, त्यातली जेमतेम पाच मोठी झाली. १९२४ मध्ये ती हृदयविकाराने गेली आणि कॅल्व्हरीत पुरली गेली. कबरीवर दगड नव्हता. अ‍ॅनी मूर म्हणून सगळं जग तिला शोधत होतं, आणि ती मिसेस शायर म्हणून क्वीन्समध्ये निवांत झोपली होती. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीच्या दगडाचा क्रॉस तिथे उभारला.

मला विचाराल तर या गोष्टीत नाणं आणि पुतळ्यापेक्षा त्या भावाच्या दाखल्याचं मोल जास्त आहे. म्हणून ताई, सूनबाईंना सांगा, ब्रिजिटचा नाद थोडा सोड आणि तिचे भाऊ शोध, बहिणी शोध. 'ब्रिजिट' हे नाव त्या काळी इतकं सर्रास होतं की अमेरिकन मालकिणी कुठल्याही आयरिश मोलकरणीला ब्रिजिटच म्हणत. त्याला कंटाळून कित्येकींनी नावं बदलली. कागदोपत्री ती डीलिया असेल, बिडी असेल, ब्रायडी असेल. आडनावांतलाही 'ओ' आणि 'मॅक' कधी गळतो, कधी चिकटतो. 'कॉर्कची मेरी सलिव्हन' या नावाच्या तर वहीत रांगा लागतात. पहिलं जुळलेलं नाव दिसलं की आनंदाने उडी मारू नये. वय, पत्ता, नवऱ्याचं नाव, मुलांची नावं, यांपैकी तीन गोष्टी जुळल्याशिवाय आपली म्हणू नये. मुलांच्या नावांकडे तर जरूर बघावं. पहिला मुलगा बापाच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, अशी त्या लोकांत बऱ्याच घरी चाल होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच.

कामाचा क्रम उलटा धरायचा. विणकाम उसवताना आपण शेवटच्या टाक्यापासून सुरू करतो ना, तसं. आधी घरात ठाऊक असलेलं शेवटचं माणूस, मग त्याचे आईबाप. प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला काढायचा. त्यावर पुष्कळदा दफन कुठे झालं ते असतं आणि आईबापांची नावं असतात. न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्याने असे जुने दाखले २०२२ पासून संगणकावर घरबसल्या बघायची सोय केली आहे. मात्र एक ध्यानात ठेवा. दाखल्यावरची माहिती मेलेल्या बाईने दिलेली नसते. ती दिलेली असते नवऱ्याने, जावयाने, नाहीतर तळमजल्यावरच्या शेजारणीने. सासूच्या आईचं नाव जावयाला विचारलं तर तो काय सांगेल, तुम्हीच बघा! मृत्यूची तारीख पक्की धरा, जन्माची कच्ची.

तारीख आणि दफनभूमी कळली की तिथल्या कचेरीला लिहायचं. काही कचेऱ्या फी घेतात. पत्रात नुसतं 'ब्रिजिटची कबर कुठे' असं विचारू नये. त्या कबरीत दफन झालेल्या सगळ्यांची नावं आणि तारखा, कबर विकत घेणाऱ्याचं नाव आणि घेतल्याचं वर्ष, असं सविस्तर मागावं. पुष्कळदा कबर पहिल्यांदा घेतलेली असते ती एखाद्या तान्ह्या बाळासाठी. यादीत अनोळखी आडनाव दिसलं की तिथे थांबावं. तेच माहेर असण्याचा संभव फार. काउंटी कळली, आडनाव कळलं, की मग आयर्लंडच्या चर्चच्या वह्या. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रं २०१५ पासून सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. त्या बारशाच्या वह्यांत बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावं असतात. बहुधा मामा-मावश्याच त्या. अक्षर मात्र देवाघरचं, आणि काही ठिकाणी लॅटिनमध्ये. सूनबाईंना डोळ्यांना ताण देऊ नका म्हणावं.

आता जरा आपल्याकडे बघू. आपल्यात बहुतेकांकडे कबर नाही, दगड नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आहेत, काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, पण ते चालतात बापाकडून मुलाकडे. मुलीची ओळ 'अमुक गावी दिली' एवढ्यावर संपते. आणि त्या आयरिश बाईचं निदान पहिलं नाव तरी तिचं स्वतःचं राहिलं. आपल्या आज्यांच्या लग्नात तबकातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही एका मुहूर्तावर गेली. तुमच्या आजेसासूबाईंना त्यांच्या आईने काय नावाने हाक मारली होती, सांगता येईल? मी आमच्या बिल्डिंगमध्ये सातजणींना विचारलं. दोघींना आलं.

तेव्हा ताई, अमेरिकेला निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना भेटून घ्या. सासूबाई, आजेसासूबाई, तुमची आई, तिची आई. प्रत्येकीचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि भावांची नावं विचारून दोनशे पानी वहीत लिहून न्या. विमानात वजन होत नाही त्याचं. येणाऱ्या बाळाची ती दुसरी बाजू आहे आणि सूनबाई ती विचारल्याशिवाय राहणार नाहीत. फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित केलंत तर आणखी चांगलं, पण लिहिलेलं हवंच.

आणि कॅल्व्हरीसारख्या ठिकाणी गेलात, दगड सापडला, तर त्याला आपल्या पाटा-वरवंट्यासारखं घासायला जाऊ नका. तारेची घासणी नको, साबण-सोडा नको, ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. जुना संगमरवर आणि चुनखडी साखरेसारखी झडते. स्वच्छ पाणी आणि अगदी मऊ ब्रश, तोही दगड भक्कम असेल तरच. डगमगत असेल तर हात लावू नका. अक्षरं वाचता येत नसतील तर सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात पाहा. तिरपा प्रकाश पडला की खोदलेल्या रेघा उठून दिसतात. भर दुपारी आरसा धरून बाजूने कवडसा पाडला तरी चालतं, पर्समधला छोटा आरसा पुरतो. खडूने अक्षरं भरण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, खडूही दगडात मुरतो. आणि दगड नसेल, नुसतं गवतच असेल, तर कचेरीतून नकाशा, विभाग, रांग आणि क्रमांक लिहून घ्या. शेजारच्या थडग्यांवरची नावं वाचत वाचत, बोटाने रांग मोजत गेलात की मधली रिकामी जागा बरोबर सापडते.